शेवटचा झटका किती वाजता?

सेंट्रीफ्यूज थांबलं की प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताई जांभळ्या झाकणाची नळी काढतात आणि उजेडासमोर धरतात. खाली रक्तपेशींचा गडद थर, वर प्लाझ्मा. तो पिवळसर असला तर नमुना पुढे जातो. किंचित गुलाबी दिसला की बाजूला. "रक्त घेताना जोरात ओढलं असणार," एवढंच त्या बोलतात. भोपाळच्या या प्रयोगशाळेत मिरगीच्या रुग्णांच्या रक्तातले मायक्रोआरएनए मोजले जातात. ताई इंदूरच्या मराठी. माझ्याशी मराठी बोलतात, रुग्णांशी हिंदी आणि यंत्र अडलं की दोन्ही.

गुलाबी रंगाला घाबरण्याचं कारण आहे. लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातले मायक्रोआरएनए, विशेषतः मिर-451 आणि मिर-16, प्लाझ्मात उतरतात. मेंदूकडून रक्तात आलेलं जे काही थोडंथोडकं असेल, ते त्या गर्दीत हरवतं. 414 नॅनोमीटरला किती प्रकाश शोषला जातो तेही पाहिलं जातं, पण ताईंनी तोवर बहुधा निकाल दिलेला असतो.

मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचा साधारण 22 अक्षरांचा तुकडा. त्यापासून प्रथिन बनत नाही. दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याचं प्रथिन रोखणं, निदान कमी करणं, हे त्याचं काम. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्कुन यांनी 1993 मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत हे दाखवलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे माणसातच असे हजाराहून जास्त सापडले, आणि 2024 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

मिरगीशी त्यांचा संबंध असा. डोक्याला मार लागला किंवा मेंदूज्वर होऊन गेला, की मिरगी लगेच जडते असं नाही. मध्ये महिने जातात, कधी वर्षं. वरून सगळं ठीक दिसतं, आणि आत पेशींच्या जोडण्या बदलत असतात. कोणतं प्रथिन किती बनायचं हे ठरण्यात मायक्रोआरएनएचा हात असतो. डब्लिनमधल्या डेव्हिड हेन्शॉल यांच्या गटाने 2012 मध्ये उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला: लांबलेल्या झटक्यानंतर मिर-134 ला गप्प करणारा रेणू दिला, तर पुढे आपोआप येणारे झटके 90 टक्क्यांहून अधिक कमी झाले. आज मिळणाऱ्या गोळ्या झटका दाबतात. मिरगी घडण्याची प्रक्रिया थांबवत नाहीत. म्हणून या आकड्याचं अप्रूप. ते उंदीर होते हे मात्र बातम्यांमध्ये शेवटच्या ओळीत येतं. रक्ताच्या थेंबावरून मिरगी ओळखण्याचंही तसंच. मिरगीत कोणते मायक्रोआरएनए बदलतात याची एका प्रयोगशाळेची यादी दुसरीच्या यादीशी जुळत नाही, आणि इथे काही काळ बसलं की का जुळत नाही ते कळू लागतं.

हिरव्या झाकणाच्या नळीत हेपारिन असतं. मायक्रोआरएनए मोजायचे ते पीसीआरने, आणि हेपारिन ते बिघडवतं, म्हणून ती नळी चालत नाही. प्लाझ्मा दुसऱ्यांदा फिरवून प्लेटलेट्स काढायच्या. मग छोट्या नळ्यांत वाटून उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये. आरएनए वेगळा काढताना ताई प्रत्येक नमुन्यात मोजून एक कृत्रिम मायक्रोआरएनए टाकतात, सेल-मिर-39. तो त्याच कृमीचा आहे; माणसात नसतो. शेवटी तो कमी भरला, तर काढणीतच गळती झाली असं समजायचं. पीसीआरमध्ये दर फेरीला माल दुप्पट होतो, म्हणजे एका फेरीचा फरक हा दुपटीचा फरक. हात जरा हलला तरी आकडा बदलतो. म्हणून प्रत्येक नमुना तीन खड्ड्यांत.

पण हे सगळं नीट झालं तरी एक रकाना उरतो: रक्त घेण्याआधीचा शेवटचा झटका केव्हा आला? काही मायक्रोआरएनए झटक्यानंतर अर्ध्या तासात वाढलेले आढळले आहेत. वेळ माहीत नसेल, तर वाढलेला आकडा आजाराचा की कालच्या झटक्याचा, कसं सांगणार? आणि ही वेळ कुठल्याच यंत्रात नाही. ती घरच्यांकडे असते. त्या वेळी कुणी कांदा हुंगवत असतं, कुणी चप्पल. घड्याळाकडे कोण बघतं? मोबाइलवर व्हिडिओ काढलेला असला तर ताई आधी त्याची वेळ उतरवून घेतात.

शिवाय या शहरात रक्ताचा नमुना द्यायला लोक सहज तयार होतीलच असं नाही. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्रीच्या वायुगळतीनंतर 1985 ते 1994 आयसीएमआरने इथे गॅसपीडितांचे अभ्यास केले. संमतीपत्र वाचून दाखवलं की एखादी म्हातारी विचारते, "रिपोर्ट कब मिलेगी?" मिळणार नाही, हा अभ्यास आहे, तुमच्या मुलाच्या गोळ्या यावरून बदलणार नाहीत, आणि त्या बंदही करायच्या नाहीत, असं ताई सरळ सांगतात. काही जण उठून जातात. मला ते योग्यच वाटतं.

त्या दिवशी एक आई बसून राहिली. मुलाला आदल्या दिवशी झटका आला होता. किती वाजता? नाही सांगता येणार. दिवे लागले होते? नुकते. मग तिला आठवलं, मगरिबची अज़ान सुरू होती. ताईंनी मोबाइलवर आदल्या दिवशीची मगरिबची वेळ शोधली आणि रकान्यात 6.12 लिहिलं. शेजारी "अंदाजे" लिहावं का, यावर संशोधक आणि त्यांच्यात थोडी हुज्जत झाली. ताईंचं म्हणणं, व्हिडिओवाल्यांपेक्षा ही वेळ जास्त पक्की. काहींच्या मोबाइलचं घड्याळच चुकलेलं असतं.