हिरवी भुकटी आणि रक्तातली चरबी

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीवरच्या नानांनी फडताळातून गर्द हिरव्या भुकटीचा डबा काढून दाखवला. म्हणाले, "मास्तर, हे शेवाळं. रोज चमचाभर घेतलं की रक्तातली चरबी उतरते म्हणे. डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्यात मी." नानांना दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. तेव्हा ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

शेवाळ म्हटले की आपल्याला विहिरीची निसरडी पायरी आठवते. हे त्यातले नव्हे. याचे नाव स्पिरुलिना. स्प्रिंगसारखे वळलेले याचे बारीक धागे उष्ण, खारट पाण्यात वाढतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरातही ते आढळते. आफ्रिकेत चाड सरोवराच्या काठच्या बायका ते गाळून वाळूवर वाळवतात आणि कालवणात घालतात. म्हणजे वस्तू खाण्याची आहे, थोतांड नाही.

आता चरबीचे. ग्रीसमधील क्रीट बेटावर 52 जणांना रोज एक ग्रॅम स्पिरुलिना बारा आठवडे दिली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल सुमारे 10 टक्के आणि ट्रायग्लिसराइड 16 टक्के उतरले. पण शेतकरी बंधूंनो, एक मेख आहे. नवे खत घातले, पीक जोमात आले; परंतु शेजारी बिनखताचा पट्टा राखलाच नाही, तर श्रेय खताचे की पावसाचे, हे कसे ठरवणार? क्रीटमध्ये तसा पट्टा नव्हता. पुढे 2016 मध्ये तुलना करून घेतलेले सात प्रयोग एकत्र तपासले गेले. त्यातही चरबी उतरलेली दिसली, मात्र ते प्रयोग लहान होते. तेव्हा गुण दिसतो, पण तो किती, याची खात्री देता येत नाही.

हे घडते कसे? यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवते. स्पिरुलिनातील निळे प्रथिन आतड्यात पित्ताला धरून ठेवते, ते शौचावाटे जाते आणि नव्या पित्तासाठी यकृताला आणखी कोलेस्टेरॉल खर्चावे लागते. उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसले आहे.

नानांच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. स्टॅटिन जातीच्या या गोळ्या वाईट कोलेस्टेरॉल साधारण 30 ते 50 टक्के उतरवतात, आणि त्यांनी झटके टळतात हे हजारो रोग्यांवर पडताळलेले आहे. हिरव्या भुकटीने झटका टळतो, असे दाखवणारा मोठा प्रयोग झालेला नाही. चरबीचा आकडा उतरणे आणि जीव वाचणे यांत अंतर असते.

विकणारे आणखी दोन गोष्टी सांगतात. एक, यात 60 टक्के प्रथिने आहेत. खरे आहे, पण तीन ग्रॅमच्या चमच्यात ती दोन ग्रॅमही भरत नाहीत. मूठभर डाळीत त्याहून कितीतरी जास्त मिळतात, आणि स्वस्तात! दुसरी, शाकाहारी माणसाला बी-बारा जीवनसत्त्व मिळते. त्यातला बहुतेक भाग आपल्या शरीराला उपयोगी पडत नाही.

भगिनींनो, कुणी लोणारचे किंवा तळ्यातले शेवाळ गाळून घरी वाळवू नये. उघड्या पाण्यात विषारी जातीही मिसळलेल्या असतात, आणि त्यांचे विष यकृतावर जाते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर विकतची भुकटीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

नाना परवा तालुक्याला जाऊन रक्त तपासून आले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. डबा मात्र टाकला नाही. डॉक्टरांना सांगून दुपारच्या ताकात अर्धा चमचा घालतात. काकूंची तक्रार एवढीच, की ताकाच्या भांड्याला मासळीचा वास येतो.