ब्लूज, भीमगीत आणि आपल्या पोरांचा बँड

लासूर स्टेशनला गेल्या पावसाळ्यात आम्ही काही तरुणांसोबत बसलो होतो. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शनासाठी बैठक होती. ती संपल्यावर चार-पाच जण मागे थांबले. एकाच्या खांद्यावर गिटार होती, एकाकडे ढोलकी. त्यांना बँड काढायचा आहे. भीमगीते गायची आहेत, पण रॉकच्या ढंगात, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार "ब्लूजचा टच" देऊन. मोबाइलवर त्यांनी एक गाणे ऐकवले. ध्वनिमुद्रण कच्चे होते, पण गाणे कच्चे नव्हते.

त्यांचे दोन प्रश्न होते. पहिला, "भाऊ, हे आपलं संगीत आहे का? वस्तीतली मोठी माणसं म्हणतात, गिटार आपली नाही, जयंतीला डीजेच लागतो." दुसरा, "गाणं लोकांपर्यंत न्यायचं कसं?" दुसऱ्या प्रश्नामागे एक कटू अनुभव होता. त्यांच्यातल्या एकाने लिहिलेले गीत एका कॅसेट-व्हिडिओवाल्याने घेतले आणि इंटरनेटवर टाकले. खाली गायकाचे नाव आले, निर्मात्याचे आले, गीतकाराचे आले नाही. लेखी काहीच नव्हते, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

हे दोन्ही प्रश्न फक्त लासूरचे नाहीत. आज गावोगावी आपली मुले रॅप करतात, गिटार शिकतात, बँड काढतात. म्हणून या प्रश्नांचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

ब्लूज म्हणजे काय?

ब्लूजच्या इतिहासातली सर्वात प्रसिद्ध गोष्ट एका रेल्वे स्टेशनवर घडते. १९०३च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात टटवायलर नावाच्या लहानशा स्टेशनवर डब्ल्यू. सी. हँडी हा कृष्णवर्णीय संगीतकार उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत बसला होता. शेजारी फाटक्या कपड्यातला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत वाजवू लागला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा गाऊ लागला. हँडीने ही आठवण पुढे १९४१च्या आत्मचरित्रात लिहिली. हँडीला 'ब्लूजचा जनक' म्हटले जाते. त्या फाटक्या माणसाचे नाव मात्र कोणालाच माहीत नाही. आपल्या मनमाड मार्गावर आगगाडी धावू लागली तोही साधारण तोच काळ.

तो माणूस कोण होता हे समाजशास्त्राच्या अंगाने समजून घेऊ. १८६५ मध्ये अमेरिकेत कायद्याने गुलामगिरी संपली, पण जमीन गोऱ्या मालकांकडेच राहिली. मुक्त झालेली माणसे त्याच मळ्यांत अर्धलीने राबू लागली. बी-बियाणे आणि किराणा मालकाच्या दुकानातून उधार, हिशेबाची वही मालकाकडे, आणि हंगामाच्या शेवटी कर्ज उरलेलेच. सालगड्याचे जिणे ज्यांच्या घरात आजोबांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शेतातली कामाची गाणी, एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी साद द्यायची ही रीत, आणि चर्चमधली भजने यांतून ब्लूज घडला.

त्याची रचना साधी आहे. बहुतेक ब्लूज बारा 'बार'च्या आवर्तनात बसतो. प्रत्येक बारमध्ये चार ठोके, म्हणजे अठ्ठेचाळीस ठोक्यांचे एक आवर्तन, आणि त्यात मुख्यतः तीन कॉर्ड. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचे. स्वरांचीही एक खूण आहे. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधल्या जागेवर आवाज किंवा तार थांबते, सरकते, थरथरते. पेटीवर ही जागा नाही, गळ्यात आणि तारेत आहे. आपल्याकडे जिला मींड म्हणतात तिच्या जवळचे हे काम. आता भीमगीताचा कार्यक्रम आठवा. गायक ओळ टाकतो, कोरस ती उचलतो, ढोलकी भरून काढते, आणि तीच ओळ दुसऱ्यांदा आल्यावर जास्त भिडते. दोन्ही परंपरा एकमेकींपासून शिकलेल्या नाहीत, तरी कष्टकऱ्यांच्या समूहगायनातून दोन्ही वाढल्या.

ब्लूजमधून रॉक, आणि पैसा कोणाचा?

१९२० मध्ये मॅमी स्मिथ या गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही रेकॉर्ड तुफान खपली. कृष्णवर्णीय लोक रेकॉर्ड विकत घेतात हे कंपन्यांना कळले. मग त्यांनी 'रेस रेकॉर्ड्स' अशी वेगळी यादीच काढली. गावकुसाबाहेरची वस्ती दुकानाच्या यादीतही आली म्हणायची.

१९४३ मध्ये मडी वॉटर्स हा मिसिसिपीच्या मळ्यावरचा मजूर रेल्वेने शिकागोला गेला. मराठवाड्यातून, खानदेशातून आपली माणसे गिरणीत, गोदीत काम शोधायला मुंबईला गेली, तसाच तो प्रवास. शहरातल्या गजबजलेल्या बारमध्ये साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची गिटार घेतली. तिथून पुढे रॉक फार दूर नव्हते. १९५० मध्ये आलेल्या त्याच्या 'रोलिंग स्टोन' या गाण्यावरून १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या गोऱ्या तरुणांनी आपल्या बँडला 'रोलिंग स्टोन्स' नाव दिले.

शिकण्यात काही गैर नाही. गैर घडले ते नाव आणि पैसा यांच्या बाबतीत. विली डिक्सन या कृष्णवर्णीय गीतकाराचे एक गाणे १९६२ मध्ये मडी वॉटर्सने गायले होते. १९६९ मध्ये लेड झेपलिन या जगप्रसिद्ध इंग्लिश बँडच्या गाण्यात त्याचे शब्द आले, पण डिक्सनचे नाव आले नाही. डिक्सनने १९८५ मध्ये दावा केला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे गीतकारांत त्याचे नाव लागले. तो एवढ्यावर थांबला नाही. इतर ब्लूज कलावंतांना त्यांचे हक्क आणि मानधन मिळावे म्हणून त्याने 'ब्लूज हेवन फाउंडेशन' काढले. आपल्या दृष्टीने हा माणूस महत्त्वाचा. त्याने गाणीही लिहिली आणि हिशेबही मागितला.

मग गिटार आपली की परकी?

आंबेडकरी जलसे १९३०च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी गावोगाव नेले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला गण-गौळणीचा देवाधर्माचा भाग बाजूला सारून समतेचा विचार भरला. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी आयुष्यभर गाणी लिहिली आणि ती लोकांच्या तोंडी बसली. पेटीसुद्धा मूळची युरोपातली. आपण ती आपली केली. जे वाद्य आपला विचार पोचवते ते आपले, ही आपल्या शाहिरांची जुनी रीत आहे.

काळ्या अमेरिकेशी आपले नातेही नवे नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतले ते ब्लॅक पँथर पार्टीवरून. त्या पार्टीचा स्वतःचा बँड होता, हे आपल्यातल्या थोड्यांना माहीत असेल. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात पार्टीच्याच कार्यकर्त्यांनी 'द लम्पेन' नावाने तो काढला. दिवसा पार्टीचे काम आणि सभेत गाणे, असे त्यांचे चाले.

आपल्याकडे मुंबईत कबीर शाक्य यांनी 'धम्म विंग्स' हा बौद्ध रॉक बँड काढून बुद्ध आणि बाबासाहेबांचा विचार गिटार-ड्रमवर आणला. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने आणि संगीतकार तेन्मा यांच्या साथीने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' रंगमंचावर आला. गाना, रॅप, रॉक सगळे त्यात एकत्र. त्यांच्या नावामागे जातिविहीन तमिळ ही पंडित अयोथी दास यांची कल्पना आहे. अयोथी दास म्हणजे १८९८ मध्ये तमिळनाडूत शाक्य बौद्ध संघटना उभारणारे विचारवंत.

काही उपासक विचारतात, धम्मात संगीत चालते का? पंचशीलात संगीताला मनाई नाही. नृत्य-गीत-वादनापासून दूर राहण्याचे शील अष्टशीलात आहे, ते उपोसथाच्या दिवशी उपासक पाळतात, आणि भिक्खूंना ते नेहमीच लागू आहे. दीघ निकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणा वाजवून भगवंतांसमोर गातो. ते प्रेमगीत असते, तरी त्याच्या तारेचा स्वर आणि गळ्याचा स्वर एकमेकांत मिसळतात म्हणून बुद्ध त्याची प्रशंसा करतात. भिक्खू सोण याला मध्यम मार्ग समजावतानाही दाखला दिला तो वीणेच्या तारेचाच. तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. आपल्या जिल्ह्यात औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेणीत नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये घेतलेल्या स्त्रिया कोरल्या आहेत. आपल्या पूर्वजांनी वाद्य विहारात दगडावर कोरून ठेवले. पंचशीलात अडचण असेल तर ती जयंतीच्या मिरवणुकीत डीजेपुढे दारू पिऊन नाचणाऱ्यांची आहे, गिटारची नाही.

प्रसिद्धीचा अलीकडचा धडा

मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणे जगभर गाजले. कास्टलेस कलेक्टिव्हमधला अरिवु त्याचा गीतकार आणि गायक, सोबत गायिका धी, संगीत संतोष नारायणन यांचे. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबून भूमिहीनच राहिलेल्या आजीच्या पिढीची कथा त्यात आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन'च्या भारतीय आवृत्तीच्या मुखपृष्ठावर धी आणि दुसरा एक गायक आले, अरिवु आला नाही. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, लोकांनी आवाज उठवला, त्यानंतर अरिवुचे मुखपृष्ठ निघाले. २०२४ मध्ये संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की या गाण्यातून कलावंतांच्या हाती पैसा आलेला नाही. कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या गाण्याची ही कहाणी. यात कोणाचे किती चुकले याचा निवाडा आम्ही करत नाही. पण गाणे गाजल्याने नाव आणि दाम आपोआप मिळत नाही, हे त्यातून दिसते.

तर करायचे काय?

लासूरच्या मुलांना आम्ही जे सांगितले ते इथे लिहितो.

एक. गाण्यात वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा गीतकाराकडे, चालीचा संगीतकाराकडे, ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याकडे, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कलावंत म्हणून. गीत किंवा चाल तयार होताच कॉपीराइट आपोआप लागू होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. तरी तारीख असलेला पुरावा ठेवा. स्टुडिओचे पैसे बँडने भरले तर पावती बँडच्या नावाने घ्या, म्हणजे निर्माते तुम्ही आहात हे दाखवता येते.

दोन. बँडमध्ये मैत्री असतानाच एका कागदावर लिहा: गीत कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती. सगळ्यांच्या सह्या घ्या. भांडण झाल्यावर असा कागद होत नाही.

तीन. तोंडी हक्क देऊ नका. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. "कायमस्वरूपी, जगभर" असे शब्द दिसले तर सही करण्याआधी जाणकाराला दाखवा. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा राखला आहे. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून इतर कोणाला तो देऊन टाकता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करणारी 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' मुंबईत आहे, गीतकार-संगीतकारांनी तिचे सदस्यत्व घ्यावे.

चार. इतरांचे हक्कही पाळा. गीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या शब्दांवर कॉपीराइट असतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. रॉकच्या चालीत त्यांचे गीत गाणार असाल तर परवानगी घ्या आणि त्यांचे नाव ठळक लिहा. आपल्याच महाकवीचे नाव आपण गाळले तर तक्रार कोणाकडे करणार?

पाच. गाणे इंटरनेटवर टाकताना बँडच्या स्वतःच्या खात्यावर टाका. वितरकामार्फत गेल्यास प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. गीतकार, संगीतकार, वादक सगळ्यांची नावे वर्णनात लिहा. पण सुरुवात मोबाइलवरून नको. विहारातला रविवार, १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवरचा नामविस्तार दिन ही आपली मंचव्यवस्था आहे. पाच हजार अनोळखी व्ह्यूजपेक्षा समोर बसून ऐकणारी पन्नास माणसे नव्या बँडला जास्त शिकवतात.

शेवटचे मागणे जयंती मंडळांकडे. वर्गणीतला मोठा भाग डीजेवर जातो. त्यातली एक संध्याकाळ गावातल्या पोरांच्या बँडला द्या, ठरलेले मानधन द्या, आणि पत्रिकेवर गीतकाराचे नाव छापा. "समाजाचं काम आहे" म्हणून कलावंताला फुकट बोलवायचे आणि डीजेवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची, हा हिशेब बदलला पाहिजे.

लासूरच्या बँडचे नाव अजून ठरलेले नाही. वाट्याचा कागद मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी वहीच्या पानावर लिहिला. ढोलकीवाल्याचे नाव राहून गेले होते, ते नंतर वर बारीक अक्षरात घातले. टटवायलरच्या स्टेशनवर गाणाऱ्या त्या माणसाचे नाव लिहून ठेवायला कोणी नव्हते. इथे ते काम आपल्या हातात आहे.

जयभीम.