प्रीमियम क्रेडिट कार्डाचे वार्षिक शुल्क : वैद्याने आणि औषधविक्रेत्याने मांडावयाचा हिशेब



चाकण औद्योगिक पट्ट्यातील दवाखान्यांत औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींइतक्याच नियमितपणे आता बँकांचे प्रतिनिधीही येऊ लागले आहेत. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे अशा गावांत पाटीवर 'डॉक्टर' हा शब्द दिसला की 'डॉक्टरांसाठी खास' कार्डाचे माहितीपत्रक टेबलावर येते. शुल्क वर्षाला दहा-बारा हजार. त्या बदल्यात रिवॉर्ड पॉइंट, विमानतळावर लाउंज, हॉटेलात सवलत. औषधालयांच्या मालकांपुढेही असाच प्रस्ताव असतो. निर्णय बहुधा दोन रुग्णांच्या मधल्या पाच मिनिटांत घेतला जातो. तो कागद-पेन घेऊन व्हावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

प्रथम शुल्काविषयी. दहा हजार सांगितले तर ११,८०० समजावे, कारण त्यावर १८ टक्के जी.एस.टी. लागतो. औषधालय नोंदणीकृत असेल, कार्ड फर्मच्या नावे असेल आणि बँकेकडे आपला जी.एस.टी. क्रमांक नोंदविलेला असेल, तर व्यवसायाच्या वापरापोटी हा कर वजा मिळू शकतो. कंपोझिशन योजनेतील दुकानदारास तो मिळत नाही. केवळ चिकित्सा करणाऱ्या वैद्याची सेवा करमुक्त असल्याने त्यालाही मिळत नाही. शिवाय आयकरात अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीखाली विवरण भरणाऱ्यांना हे शुल्क खर्च म्हणून वेगळे दाखविता येत नाही. थोडक्यात, आपल्यापैकी बहुतेकांसाठी ११,८०० रुपये हे घरातून जाणारेच पैसे आहेत.

आता लाभ. येथे एक चूक सर्रास होते. प्रीमियम कार्डाची तुलना 'कार्डच नाही' या स्थितीशी केली जाते. ती विनाशुल्क कार्डाशी करावयास हवी. उदाहरणार्थ, एखाद्या वैद्यकुटुंबाचा कार्डावर होऊ शकणारा खर्च महिना ४०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ४,८०,००० आहे असे धरू. प्रीमियम कार्डाने दोन टक्के परत दिले तर ९,६०० रुपये होतात. परंतु विनाशुल्क कार्डावर एक टक्का मिळत असेल तर ४,८०० रुपये तसेही मिळणारच होते. म्हणजे शुल्काने विकत घेतलेला खरा लाभ ४,८०० रुपयांचा आणि किंमत ११,८००. तूट ७,००० रुपयांची. केवळ पॉइंटांच्या बळावर हे शुल्क भरून निघण्यासाठी वर्षाला ११,८०,००० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे ९८,००० रुपये कार्डावर खर्च व्हावे लागतील.

तेवढा खर्च कार्डावर जातो का, हे आपल्या भागात तपासून पाहावे. भाजी, दूध, चहा, किराणा, रिक्षा यांचे पैसे आज यू.पी.आय.चा चौकोन स्कॅन करून दिले जातात. त्या चौकोनावर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड चालते; व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालत नाही, आणि महागडी कार्डे बहुधा त्याच दोन जाळ्यांवर असतात. पेट्रोल, कर, सोने, वॉलेटमध्ये भरलेले पैसे यांवर अनेक कार्डांवर पॉइंट मिळतच नाहीत. विमा आणि वीजबिलावर मिळाले तरी मर्यादा असते. दवाखान्याचे भाडे अ‍ॅपमधून कार्डाने भरण्याचा मार्ग काहींनी धरला होता. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये प्रमुख अ‍ॅपांनी ती सोय बंद केली. महिन्याच्या एकूण खर्चातून हे सारे वजा केल्यावर जो आकडा उरतो, तोच हिशेबात धरावा. तो पाहून बरेच जण चकित होतील असे मला वाटते.

पॉइंटाची किंमत हा याहून सूक्ष्म विषय आहे. एकच पॉइंट बँकेच्या संकेतस्थळावरून विमानाचे तिकीट काढताना एक रुपयाचा आणि बिलातून वजा करताना वीस-तीस पैशांचा, असे अनेक कार्डांवर असते. माहितीपत्रकातील टक्केवारी पहिल्या भावाने मांडलेली असते. वरील उदाहरणातील ९,६०० पॉइंट पंचवीस पैशांनी वटविले तर हाती २,४०० रुपये येतात, म्हणजे विनाशुल्क कार्डाच्या निम्मे! जो वैद्य वर्षात दोनदा रेल्वेने अधिवेशनाला जातो आणि विमानात चार वर्षांतून एकदा बसतो, त्याच्यासाठी पॉइंटाचा खरा भाव दुसराच होय. (खेड तालुक्यात होणार म्हणून गाजलेले विमानतळ पुरंदरकडे गेले, आपल्याला लोहगावच गाठावयाचे आहे, आणि चाकणच्या वाहतुकीतून निघालेला माणूस लाउंजमध्ये बसण्याइतका वेळ हाती ठेवून पोहोचेल, ही शक्यता मला कमीच वाटते.) लाउंजचा प्रवेशही अलीकडे बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीतील खर्चाला बांधलेला असतो.

चूर्णे दोन महिन्यांत हीनवीर्य होतात आणि आसव-अरिष्टे जुनी होतील तशी गुणाढ्य होतात, असा शार्ङ्गधरांचा अभिप्राय आपण सर्वांनी अभ्यासलेला आहे. पॉइंट हे चूर्णासारखे आहेत. ते साठविणारे अनेक जण त्यांना आसव समजतात. अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे उदाहरण या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगे आहे. महिन्याला एक लाख रुपये खर्च केल्यास २५,००० जादा पॉइंट मिळत असल्याने ते कार्ड देशभर गाजले होते. १ सप्टेंबर २०२३ पासून ते जादा पॉइंट बंद झाले. शुल्क १०,००० वरून १२,५०० झाले, शुल्कमाफीसाठी लागणारा वार्षिक खर्च १५ लाखांवरून २५ लाखांवर गेला. विमान कंपन्यांच्या योजनांत पाच पॉइंटांचे चार मैल होत असत, त्या जागी सर्वसाधारण ग्राहकांसाठी दोन होऊ लागले. एक लाख पॉइंट जपून ठेवलेल्या ग्राहकाचे ८० हजारांचे ४० हजार मैल झाले. यात बेकायदेशीर काही नव्हते. अटी बदलण्याचा अधिकार बँका अर्जावरील बारीक अक्षरांत राखून ठेवतातच. म्हणून आजच्या दरावर पुढील तीन वर्षांचा हिशेब मांडू नये.

औषधालयाच्या मालकांना खरा मोह येथे होतो: महिन्याला दीड-दोन लाखांचा माल येतोच, तो कार्डाने घेतला तर पॉइंट फुकट! पण घाऊक विक्रेत्याला कार्डाच्या व्यवहारामागे बँकेस शुल्क द्यावे लागते. ते तो एकतर बिलावर चढवितो किंवा रोखीची सूट नाकारतो. दीड लाखाच्या बिलावरील दोन टक्के सूट गेली तर ३,००० रुपये गेले. दोन टक्क्यांचे पॉइंटही कागदावर तेवढ्याच किमतीचे, आणि वटविताना कदाचित पाऊणशे टक्के कमी. शिवाय वैयक्तिक कार्ड धंद्याच्या खरेदीसाठी वापरू नये अशी अट बहुतेक बँका घालतात. तिच्या आधारे पॉइंट रद्द होऊ शकतात. माल कार्डानेच घ्यावयाचा असेल तर कार्ड व्यवसायाचे असावे. शुल्कमाफीचा टप्पा गाठण्यासाठी मार्चअखेर चूर्णांची खोकी भरून ठेवण्याविषयी तर वेगळे लिहावयास नको.

आणि आपण काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभे आहोत, हे विसरता येत नाही. ग्राहकाच्या पॉइंटांचा मोठा भाग दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या शुल्कातून येतो. कारखान्यातील कामगार दोनशे रुपये बँक खात्यातून यू.पी.आय.ने देतो तेव्हा आपले काही कापले जात नाही. पंचकर्माचे १५,००० रुपये क्रेडिट कार्डाने आले आणि दर दोन टक्के असला तर ३०० रुपये कमी जमा होतात. असो.

सर्वांत गंभीर भाग व्याजाचा. पूर्ण बिल मुदतीत न भरता 'किमान रक्कम' भरली, तर बहुतेक कार्डांवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांवर व्याज लागते. तेही खरेदीच्या दिवसापासून, आणि नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत संपुष्टात येते. साठ हजारांची बाकी एक महिना राहिली तर व्याज २,१०० आणि त्यावरील कर ३७८, एकूण २,४७८ रुपये. दोन टक्क्यांच्या कार्डावर साठ हजारांमागे मिळतात १,२००. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये अशा व्याजावर तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. पावसाळ्यात दवाखाना भरलेला, मे महिन्यात कामगार गावी गेल्याने ओस, अशा आपल्या व्यवसायात एखाद्या महिन्याची बाकी राहणे अगदी शक्य आहे. गेल्या दोन वर्षांत एकदाही ज्याची बाकी राहिली असेल, त्याने प्रीमियम कार्डाचा विचार तूर्त करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टप्पा गाठण्यासाठी नातलगांची खरेदी आपल्या कार्डावर करून त्यांच्याकडून पैसे घेणारेही आहेत. वर्षभरात कार्डाच्या बिलापोटी दहा लाख रुपये किंवा अधिक (रोखीने एक लाख) भरले गेल्यास बँक ती माहिती आयकर खात्यास कळविते. सहा लाख उत्पन्न दाखविणाऱ्या वैद्याला बारा लाखांच्या बिलाचे स्पष्टीकरण द्यावे लागू शकते.

मग हे कार्ड कोणाला मानवते? जो वर्षातून सहा-आठ वेळा विमानाने जातो व पॉइंट तिकिटांतच वापरतो, त्याला. परदेशात व्याख्यानांसाठी जाणाऱ्यांनाही. सामान्य कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बहुधा साडेतीन टक्के, काही प्रीमियम कार्डांवर दोन टक्के असतो. पाच लाखांच्या परदेशी खर्चावर दीड टक्क्याचे ७,५०० व त्यावरील कर १,३५० मिळून ८,८५० रुपये वाचतात. काही डॉक्टरी कार्डांबरोबर व्यावसायिक दायित्वाचा विमा देऊ केला जातो. तो बी.ए.एम.एस. पदवीधरास व पंचकर्मासारख्या उपक्रमांस लागू आहे काय, हे प्रतिनिधीच्या तोंडी उत्तरावर न सोडता पॉलिसीच्या कागदावर पाहावे.

ज्यांनी कार्ड आधीच घेतले आहे त्यांनी नूतनीकरणाच्या महिनाभर आधी वरील आकडेमोड करावी व शुल्कमाफी मागून पाहावी. बँका ती पुष्कळदा देतात. न दिल्यास बंद करण्याचा लेखी अर्ज करावा. थकबाकी नसल्यास सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. विलंब झाल्यास प्रतिदिन ५०० रुपये दंड ग्राहकास मिळतो. मात्र अर्ज देण्यापूर्वी शिल्लक पॉइंट वापरून टाकावेत, आणि त्या कार्डावर लावलेले विम्याचे हप्ते व फोनची बिले दुसरीकडे वळवून घ्यावीत.