आराखड्यात पारधी वस्ती कुठे?

धाराशिव जिल्ह्यातलं येरमाळा गाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतं. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार विद्यापीठाला दर पाच वर्षांनी बृहत् आराखडा करावा लागतो. नवी महाविद्यालयं कुठे हवीत हे त्यात ठरतं आणि अविकसित भागांचा विचार बंधनकारक असतो. पण तालुका मोजला म्हणून त्यातली येरमाळ्याची पारधी वस्ती मोजली गेली, असं होत नाही.

महाविद्यालय जवळ आलं तरी खरी अडचण जातीच्या दाखल्याची. फासेपारधी अनुसूचित जमातीत (आरक्षण ७ टक्के), गावपारधी विमुक्त जातीत (३ टक्के). जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला मोकळं केलं, त्यांनी शाळेचा निर्गम उतारा किंवा सातबारा आणायचा कुठून? बारावी झालेलं पोर इथेच अडकतं. हा अन्याय आहे.

विद्यापीठाच्या अधिसभेत पदवीधरांच्या १० जागांपैकी एक अनुसूचित जमातीला, एक विमुक्त-भटक्यांना आहे. मत द्यायला मात्र पदवी लागते!

मग करायचं काय? आदिवासींवरच्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यात शिक्षणावरच्याही होत्या. आपल्याकडे गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ ग्रामसभांना प्रशिक्षण देतं. तसंच मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपकेंद्राने दाखल्यांसाठी मदत कक्ष उघडावा आणि आराखड्याची एक बैठक वस्तीवर घ्यावी.