घाट शिंद्यांचा, मैदान कुणाचे?

वाराणसीत मणिकर्णिकेला लागून असलेल्या शिंदे घाटावर पाटी 'सिंधिया घाट' अशी आहे. दिल्लीच्या सरकारी कागदपत्रांतही आडनाव सिंधियाच. मराठी माणूस मात्र तिथे उभा राहिला की 'शिंदे' असेच म्हणतो, आणि त्या उच्चारात थोडासा हक्कही असतो. १८३० साली हा घाट बैजाबाई शिंदे यांनी बांधला. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही कन्या, दौलतराव शिंद्यांची पत्नी आणि त्यांच्या पश्चात ग्वाल्हेरच्या राज्याची सूत्रधार. पुढे घाट स्वतःच्याच भाराने खचला आणि पुन्हा बांधावा लागला. त्याच्या पायथ्याशी एका बाजूला कललेले रत्नेश्वराचे मंदिर पर्यटकांच्या कॅमेऱ्यांना ठाऊक आहे. लोककथा अशी की, आईचे ऋण फेडले असे मुलाने म्हणताच मंदिर कलले. म्हणून त्याला 'मातृऋण महादेव' असेही म्हणतात.

या कथेला इतिहासाचा आधार नाही. पण शिंदे घराण्याच्या संदर्भात ती विसरताही येत नाही. खुद्द बैजाबाईंना १८३३ साली दत्तकपुत्र जनकोजीरावांमुळे ग्वाल्हेर सोडावे लागले होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच राजवाड्यात आई आणि मुलगा पुन्हा दोन दिशांना गेले. या वेळी कारण होते संसदीय राजकारण.

विजयाराजे शिंदे १९५७ साली काँग्रेसच्या तिकिटावर गुण्यातून लोकसभेत आल्या. १९६७ मध्ये त्यांनीच मध्य प्रदेशात द्वारकाप्रसाद मिश्रांचे काँग्रेस सरकार खाली खेचले आणि पुढे जनसंघ व भाजपच्या उभारणीत आयुष्य घालवले. माधवराव १९७१ साली जनसंघाचे खासदार म्हणून निवडून आले, १९७७ साली अपक्ष झाले आणि १९८० पर्यंत काँग्रेसमध्ये स्थिरावले. १९८४ साली त्यांनी ग्वाल्हेरमध्ये अटलबिहारी वाजपेयी यांचा पावणेदोन लाखांच्या मताधिक्याने पराभव केला. म्हणजे मुलाने आईच्या पक्षाचा सर्वांत मोठा नेता त्याच्या जन्मगावी हरवला. १९८९ ते १९९८ या काळात गुण्यातून विजयाराजे आणि ग्वाल्हेरमधून माधवराव लोकसभेत येत राहिले. शेजारी मतदारसंघ, समोरासमोरचे बाक, एकच राजवाडा! दोघांमधला दुरावा खरा होता आणि तो कडवटही होता, हे राजधानीत कुणापासून लपलेले नव्हते. पण एकमेकांविरुद्ध उमेदवार म्हणून दोघे कधी उभे राहिले नाहीत. २००१ साली जानेवारीत विजयाराजे गेल्या आणि सप्टेंबरअखेर उत्तर प्रदेशातच, मैनपुरीजवळ, विमान अपघातात माधवरावांचा मृत्यू झाला.

आज मतभेद झाले की पक्षांतर, पक्षांतर झाले की नोटीस आणि नोटिशीनंतर न्यायालय, असा क्रम महाराष्ट्राने अनुभवला आहे. त्यामुळे जुन्या सौजन्याच्या आठवणी काढण्याचा मोह स्वाभाविक ठरतो. तथापि त्या सौजन्यात शिष्टाचार किती आणि परस्परांच्या प्रदेशात न शिरण्याचा संस्थानी करार किती, हे तपासायला हवे. तपासणीसाठी सर्वांत सोयीची जागा संसद नव्हे. ती जागा आहे क्रिकेटची संघटना. कारण तिथे राजकारणी पक्षाचा झेंडा दाराबाहेर ठेवून आत येतात असे मानले जाते आणि निकाल मात्र मैदानावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो.

माधवराव १९९० ते १९९३ भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकिर्दीत, नोव्हेंबर १९९१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचा संघ आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये परतला. पहिला सामना कोलकात्यात झाला आणि दुसरा ग्वाल्हेरमध्ये. अध्यक्षांचे गाव म्हणून ग्वाल्हेरला झुकते माप मिळाले, अशी कुजबुज तेव्हा झाली असल्यास नवल नाही. पण ग्वाल्हेरच्या शौकिनाला त्याचे काय? त्याला सामना मिळाला. याच कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने एकदिवसीय क्रिकेटमधले पुरुषांचे पहिले द्विशतक झळकावले. समोर पुन्हा दक्षिण आफ्रिकाच होती. त्यानंतर मात्र चौदा वर्षांहून अधिक काळ ग्वाल्हेरमध्ये एकही आंतरराष्ट्रीय पुरुष सामना झाला नाही. सामने इंदूरला, होळकर स्टेडियमवर जात राहिले. शिंदे आणि होळकर यांच्यातील स्पर्धेचा अठराव्या शतकापासूनचा इतिहास ज्यांनी शाळेत पाठ केला, त्यांना या नावांची गंमत वेगळी सांगायला नको.

त्याच २०१० साली मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षपदासाठी खरी निवडणूक झाली. एका बाजूला केंद्रातील काँग्रेस सरकारमधील मंत्री ज्योतिरादित्य शिंदे, दुसऱ्या बाजूला राज्यातील भाजप सरकारमधील मंत्री कैलास विजयवर्गीय. राज्याची सत्ता हाती असूनही विजयवर्गीय हरले. २०१२ मध्ये पुन्हा सामना झाला, निकाल तोच लागला. प्रचार तिखट होता. पण निकालानंतर संघटना फुटली नाही, समांतर संघ निघाला नाही, कोणी मैदानाला टाळे ठोकले नाही. मतभेद राखूनही संस्था चालवता येते, याचे हे उदाहरण आहे आणि त्याचे श्रेय हरलेल्या बाजूलाही द्यावे लागेल. मार्च २०२० मध्ये ज्योतिरादित्य भाजपमध्ये गेले आणि हे दोन प्रतिस्पर्धी एकाच पक्षाचे नेते झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये ज्योतिरादित्यांचे पुत्र महाआर्यमन संघटनेचे अध्यक्ष झाले ते बिनविरोध. तिसरी पिढी, आणि या खेपेला प्रतिस्पर्धीच नाही. बिनविरोध निवडीला आपल्याकडे सामंजस्य म्हणण्याची प्रथा आहे.

महाराष्ट्रातील चित्र याहून मनोरंजक आहे. जून २०२२ च्या चौथ्या आठवड्यात एकनाथ शिंदे आणि त्यांच्यासोबतचे आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात होते आणि सारा महाराष्ट्र दूरचित्रवाणीला खिळला होता. नेमक्या त्याच दिवसांत, २२ ते २६ जून, बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर मुंबई आणि मध्य प्रदेश रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळत होते. मुंबई ४१ वेळा विजेती. मध्य प्रदेशच्या नावावर एकही विजेतेपद नव्हते. मध्य प्रदेशने सामना सहा गडी राखून जिंकला. प्रशिक्षक होते मुंबईचेच चंद्रकांत पंडित. तेवीस वर्षांपूर्वी याच मैदानावर, १९९८-९९ च्या अंतिम सामन्यात, ते मध्य प्रदेशचे कर्णधार होते. पहिल्या डावातील आघाडी हाती असताना शेवटच्या दिवशी कर्नाटकने त्यांना हरवले होते. विजयानंतर मैदानावरच त्यांचे डोळे पाणावले. सरकार पडण्याच्या धामधुमीत ते दृश्य महाराष्ट्रात फारसे कोणी पाहिले नाही. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांत मात्र त्या पाच दिवसांचा पेच वेगळाच असणार. माहेरचा संघ हरावा की सासरचा?

चार महिन्यांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनची निवडणूक झाली. तोपर्यंत शिवसेना दुभंगली होती, सरकार बदलले होते, विधिमंडळात एकमेकांचे तोंड पाहायला लोक तयार नव्हते. पण शरद पवार आणि भाजपचे आशीष शेलार यांचे संयुक्त पॅनेल उभे राहिले. मतदानाच्या पूर्वसंध्येला पवार, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, देवेंद्र फडणवीस आणि शेलार एका व्यासपीठावर दिसले. या पॅनेलमधून उद्धव ठाकरे यांचे निकटवर्ती मिलिंद नार्वेकर आणि राष्ट्रवादीचे जितेंद्र आव्हाडही निवडून आले. अध्यक्षपदी अमोल काळे आले. पराभूत झाले ते संदीप पाटील, १९८३ च्या विश्वविजेत्या संघातील फलंदाज. २०११ मध्येही असेच घडले होते. तेव्हा विलासराव देशमुखांनी दिलीप वेंगसरकरांना हरवले होते आणि पाठीशी पवार होते.

राजकीय सुसंस्कृतपणाचा हा नमुना म्हणून त्या व्यासपीठाची छायाचित्रे कौतुकाने छापली गेली. कौतुक पूर्णपणे अस्थानी नव्हते; कटुता कुठे तरी थांबते हे दिसणे समाजाला आवश्यक असते. पण दोन्ही वेळा सर्वपक्षीय एकजुटीच्या समोर उभा होता तो क्रिकेटपटू. मतभेद बाजूला ठेवणे आणि मतभेदाला जागाच न ठेवणे यात फरक आहे. विधिमंडळात विरोधकाला बोलू द्यायचे नाही आणि क्लबात त्याच्याबरोबर जेवायचे, याला सौजन्य म्हणावे की सोय, हा प्रश्न त्या छायाचित्रांखाली कोणी छापला नाही.

लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये मान्य केल्या तेव्हा मंत्री, सरकारी नोकर आणि सत्तरी ओलांडलेले पदाधिकारी संघटनांतून बाहेर जाणार असे ठरले. पवारांनी त्याच वर्षी मुंबई संघटनेचे अध्यक्षपद सोडले. (या यादीत सरकारी नोकरही होते, हे राजधानीतील अनेक साहेबांच्या सोयीने विस्मरणात गेले आहे.) 'एक राज्य, एक मत' या सूत्राने मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिघांना मिळून एकच मत उरले असते. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने ते सूत्र मागे घेतले आणि तिघांची मते राहिली. वेगळ्या विदर्भावर ज्यांचे कधीच एकमत झाले नाही, त्यांनाही विदर्भाचा क्रिकेट संघ वेगळाच हवा होता. पुढे मार्च २०२४ मध्ये मुंबईने विदर्भाला वानखेडेवर हरवून ४२वे विजेतेपद घेतले आणि पुढच्याच हंगामात नागपूरला उपांत्य सामन्यात विदर्भाने परतफेड करून करंडक जिंकला. विदर्भाला २०१७-१८ मध्ये पहिला करंडक मिळवून देणारे प्रशिक्षकही पंडितच. नागपूरहून दिल्लीत बदलून आलेला अधिकारी या विजयाबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या आवाजात अनुशेषाच्या आकडेवारीपेक्षा अधिक काही असते.

आता पुन्हा काशीकडे. या शहराला वादाची परंपरा आहे. १८६९ साली दयानंद सरस्वतींशी काशीच्या पंडितांचा शास्त्रार्थ झाला. पंडितांच्या बाजूला मराठी विद्वान बाळशास्त्रीही होते. सभा गोंधळात संपली आणि दोन्ही बाजूंनी विजयाचा दावा केला. म्हणजे काशीचा वादसुद्धा नेहमीच सभ्य होता असे समजण्याचे कारण नाही. अस्सीवरच्या चहाच्या 'अडी'वर आजही सरकारे पडतात आणि उभी राहतात. १९८० साली याच मतदारसंघात कमलापती त्रिपाठी विरुद्ध राजनारायण अशी लढत झाली होती. २०१४ पासून पंतप्रधान नरेंद्र मोदी येथून निवडून येत आहेत.

या प्रदेशातील क्रिकेटशौकिनाची व्यथा मात्र कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नीट मावत नाही. उत्तर प्रदेशने रणजी करंडक एकदाच, २००५-०६ मध्ये, महंमद कैफच्या नेतृत्वाखाली जिंकला. त्यानंतर वाट पाहणे सुरू आहे. २०२२ मध्ये संघ उपांत्य फेरीत पोहोचला. समोर मुंबई होती. मुंबईच्या सलामीवीराने दोन्ही डावांत शतके काढली आणि उत्तर प्रदेशच्या आशा संपवल्या. त्या सलामीवीराचे नाव यशस्वी जैस्वाल. जन्म सुरियावां, जिल्हा भदोही, जो १९९४ पर्यंत वाराणसी जिल्ह्याचाच भाग होता. लहानपणीच तो मुंबईला गेला, आझाद मैदानावरील माळ्यांच्या तंबूत राहिला आणि मुंबईचा झाला. अंतिम सामन्यात मुंबईसाठी शतक काढणाऱ्या सरफराझ खानचे कुटुंबही मूळचे आझमगडचे. सूर्यकुमार यादवचे घराणे गाझीपूरचे.

२००८ साली मुंबईत उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन पेटले, त्याचे पडसाद संसदेत उमटले आणि मराठी खासदारांना उत्तरे देणे भाग पडले. परप्रांतीयांचा प्रश्न तेव्हाही बनावट नव्हता, आजही नाही. रोजगाराचा आणि घरांचा ताण खराच आहे. पण त्याच मुंबईने मैदानावर येणाऱ्या मुलाला जन्मदाखला विचारला नाही, त्याच्या धावा विचारल्या. एप्रिल २०२५ मध्ये जैस्वालने गोव्याकडून खेळण्यासाठी परवानगी मागितली आणि पुढच्याच महिन्यात ती मागे घेतली, तेव्हा मुंबईकर शौकिनांना झालेला राग आपला मुलगा घर सोडून निघाल्याचा होता. प्रांतवादाच्या सभेत टाळ्या वाजवणारे हातच वानखेडेवर त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. हे ढोंग आहे असे म्हणणे सोपे आहे. ते ढोंग नसावे; माणसाच्या दोन निष्ठा एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि शिंदे राजवाड्यातील आई व मुलगा यांच्याबाबतही कदाचित तेच खरे असावे.

६ ऑक्टोबर २०२४ रोजी ग्वाल्हेरमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परतले. भारत विरुद्ध बांगलादेश, नवे स्टेडियम, नाव श्रीमंत माधवराव शिंदे यांचे, भारताचा कर्णधार सूर्यकुमार यादव. बांगलादेशातील घटनांच्या निषेधार्थ हिंदू महासभेने त्या दिवशी बंद पुकारला होता, प्रशासनाने मनाई आदेश काढले होते. सामना झाला, भारत सात गडी राखून जिंकला. मैदान भरलेले होते.

वाराणसीजवळ गंजारी येथे क्रिकेट स्टेडियमची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते २३ सप्टेंबर २०२३ रोजी झाली. सुमारे तीस हजार प्रेक्षकांची सोय, त्रिशूळाच्या आकाराचे प्रकाशस्तंभ, चंद्रकोरीसारखे छत, असा आराखडा आहे. व्यासपीठावर गावसकर, वेंगसरकर आणि तेंडुलकर होते. मैदान बांधण्यावर कोणत्याही पक्षाचा आक्षेप नव्हता. मात्र आंतरराष्ट्रीय सामने नियामक मंडळ देते, रणजीचे सामने कुठे खेळवायचे हे राज्य संघटना ठरवते आणि भदोही-गाझीपूरच्या मुलाला चौदा वर्षांखालील संघाच्या निवड चाचणीला कुठे जावे लागेल, हे जिल्हा संघटना ठरवते. गंजारीच्या आसपासच्या गावांतून मुंबईची गाडी पकडणाऱ्या मुलांच्या बापांना यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, आणि ते विचारायला अजून कोणी उमेदवार उभा राहिलेला नाही.