विश्लेषण : लशीच्या फायद्या-तोट्याचे गणित का बदलते?

ढाणकी (जि. यवतमाळ) : आपल्या करोना लशीमुळे अत्यंत दुर्मीळ प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, असे अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात मान्य केल्याचे एप्रिल २०२४ मध्ये समोर आले. हीच लस भारतात ‘कोव्हिशील्ड’ नावाने दिली गेली. त्यामुळे ती घेतलेल्या अनेकांना प्रश्न पडला : तेव्हा आपले चुकले का?

तेव्हा परिस्थिती काय होती?

फेब्रुवारी २०२१ मध्ये यवतमाळ, अमरावती, अकोला जिल्ह्यांत रुग्ण पुन्हा वाढू लागले. १ मार्चपासून ६० वर्षांवरील व सहव्याधी असलेल्या ४५ वर्षांवरील नागरिकांना लस खुली झाली. ढाणकी हे जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नांदेडच्या सीमेजवळचे गाव. येथून गंभीर रुग्णाला यवतमाळ किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यायचे, तर प्रवास मोठा. त्यामुळे आजार गंभीर न होणे, हा लशीचा फायदा येथे अधिक मोलाचा होता.

धोका किती होता?

केंब्रिज विद्यापीठाच्या विंटन सेंटरने एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनपुरता हिशेब मांडला. संसर्ग कमी असताना ६० ते ६९ वयोगटातील एक लाख जणांना लस दिल्यास १६ आठवड्यांत १४.१ जण अतिदक्षता विभागात जाण्यापासून वाचतात. गुठळ्यांचा गंभीर त्रास ०.२ जणांना होतो. २० ते २९ वयोगटात मात्र ०.८ जण वाचतात आणि त्रास १.१ जणांना होतो. संसर्ग शिखरावर असेल, तर याच तरुणांपैकी ६.९ जण वाचतात. लस तीच, त्याच वयोगटात तिचा धोकाही तोच. पारडे फिरते ते वय आणि साथीचा जोर यांमुळे.

भारतात मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने कोव्हिशील्डच्या दहा लाख मात्रांमागे अशा ०.६१ घटना जाहीर केल्या. हा आकडा नोंद झालेल्या घटनांचा आहे. नोंद सुटल्यास प्रत्यक्ष प्रमाण जास्त असू शकते.

आता भीती बाळगावी का?

हा त्रास प्रामुख्याने लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांत दिसतो. वर्षांपूर्वी लस घेतलेल्यांनी त्यासाठी आज घाबरण्याचे कारण नाही.

यापुढे काय पाहावे?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. बहुतेकांना आधीच्या संसर्गातून वा लशीतून काही संरक्षण मिळालेले आहे. त्यामुळे धडधाकट तरुणाला पुढच्या मात्रेचा फायदा थोडाच. वृद्ध, मधुमेही, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि गरोदर महिला यांचा हिशेब वेगळा. त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. २०२१ चा निर्णय २०२१ च्या साथीवर तोलावा, आजचा आजच्या साथीवर.