बंद तिकिटाची साक्ष

समजा, शाळेच्या संगणकावर मुख्याध्यापकांच्या नावाने निरोप आला, 'उद्या सुट्टी'. तो त्यांनीच पाठवला कशावरून? बरोबर परवलीचा शब्द जोडावा, तर तो वाटेत कोणीही टिपून घेईल.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ साली 'अथीना' प्रकल्प सुरू झाला. आवारभर कोणीही येऊन बसावे असे संगणक. त्यांवर 'झेफिर' ही निरोपव्यवस्था. तेथे हीच अडचण 'कर्बरॉस' पद्धतीने सोडवली. तिची मूळ कल्पना नीडहॅम व श्रोडर यांनी १९७८ मध्ये मांडली होती.

एक विश्वासू संगणक सर्वांच्या किल्ल्या जाणतो. (किल्ली म्हणजे येथे एक गुप्त संख्या.) झेफिरसाठी तिकीट मागताच तो एक ताजी किल्ली बनवून तिच्या दोन प्रती देतो. पहिली तुमच्या परवलीच्या शब्दापासून बनलेल्या किल्लीने बंद केलेली. ती तुमच्याच संगणकात उघडते, म्हणून शब्द तारेवर जातच नाही. दुसरी झेफिरच्या किल्लीने बंद. तेच तिकीट! त्यात तुमचे नाव असते, पण गंमत पाहा, ते तुम्हांला स्वतःलाही उघडता येत नाही. मग नाव बदलणार कसे? (प्रत्यक्षात मध्ये आणखी एक तिकीट असते; शब्द वारंवार टाकावा लागू नये, म्हणून.)

आणि तिकीटच चोरले तर? त्यासोबत ताज्या किल्लीने बंद केलेली त्या क्षणाची वेळ पाठवावी लागते; ती किल्ली चोराजवळ नसते. जुनी चिठ्ठी नंतर पुन्हा पाठवली, तरी सहसा पाच मिनिटांहून अधिक फरक नाकारला जातो. त्यामुळे संगणकाचे घड्याळ फार मागे पडले, तर खऱ्या मुख्याध्यापकांचाही निरोप अडतो.